संग्रह काढण्याआधी: भाचीस पत्र

चि. सोनूस,


तुम्ही दोघा बहीणभावांनी आपली आजवरची गाजलेली गाणी एकत्र काढायचं ठरवलंय, हे तुझ्या आईकडून कळलं. मामाला फार आनंद झाला. पण "आहेत तीच गाणी एकापुढे एक लावायची, त्यात कसले कष्ट?" हे तुझं बोलणंही तिने सांगितलं, म्हणून हे पत्र. अशाच एका बहीणभावाने १९७३ साली काय केलं ते वाच आणि मग कामाला लाग.

रिचर्ड आणि कॅरन कार्पेंटर. दोघं जन्मले अमेरिकेत, कनेटिकटमधल्या न्यू हेवनला. १९६३ मध्ये घरच्यांनी बिऱ्हाड कॅलिफोर्नियात डाउनीला हलवलं. भाऊ पियानोवर, बहीण ड्रम्सवर. १९६९ मध्ये हर्ब अल्पर्टने त्यांना आपल्या ए अँड एम कंपनीत घेतलं, पण पहिली एलपी फारशी खपली नाही. बीटल्सचं 'टिकेट टू राइड' त्यांनी संथ लयीत बांधलं होतं, ते अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ५४व्या क्रमांकावर अडकलं. पुढच्याच वर्षी 'क्लोज टू यू' आलं आणि चार आठवडे पहिल्या जागेवरून हललं नाही. त्यानंतर गाण्यांमागून गाणी गाजत गेली. नोव्हेंबर १९७३ मध्ये त्यांतली बारा निवडून 'द सिंगल्स १९६९–१९७३' हा संग्रह निघाला.

आता नीट लक्ष दे. गाणी आधीच लोकांच्या तोंडी होती. जुन्या टेप काढून रेकॉर्डच्या कारखान्यात पाठवल्या असत्या तरी एलपी खपली असती. रिचर्डने तसं केलं नाही. चार वर्षांपूर्वीचं 'टिकेट टू राइड' त्याच्या कानाला कच्चं वाटत होतं, म्हणून कॅरनकडून ते नव्याने गाऊन घेतलं. 'टॉप ऑफ द वर्ल्ड' तर १९७२च्या एलपीतलं, एका कोपऱ्यात पडलेलं गाणं; लिन अँडरसनने ते आपल्या ढंगात गाऊन गाजवलं, तेव्हा कुठे या दोघांना त्याची ताकद कळली. कॅरनला स्वतःचा जुना आवाज त्यात पटत नव्हता. तिने तो बदलला, आणि नवं रूप १९७३च्या डिसेंबरात पहिल्या क्रमांकावर गेलं. शिवाय काही गाण्यांचं मिक्सिंग पुन्हा झालं, काहींना नवी सुरावट जोडली गेली.

पहिली बाजू एकदा हेडफोन लावून, डोळे मिटून ऐक. सुरुवातीला 'क्लोज टू यू'ची जेमतेम चाहूल लागते आणि तिथून 'वुईव्ह ओन्ली जस्ट बिगन' उमलतं. ते अख्खं 'क्लोज टू यू' मात्र दुसऱ्या बाजूच्या अगदी शेवटी भेटतं. 'सुपरस्टार', 'रेनी डेज अँड मंडेज' आणि 'गुडबाय टू लव्ह' ही तीन गाणी तर एकमेकांत अशी विणली आहेत की मध्ये श्वासाचीही फट नाही. गायकाने एका रागातून दुसऱ्या रागात जाताना मधला स्वर हळूच पुढे करावा, तसं ते काम आहे. तीन वेगळ्या वेळची, वेगळ्या गीतकार-संगीतकारांची गाणी. पण ऐकणाऱ्याला एकाच संध्याकाळची वाटतात.

या गाण्यांची निवडही कानांनी झाली होती. 'वुईव्ह ओन्ली जस्ट बिगन' मुळात एका बँकेच्या टीव्ही जाहिरातीसाठी रॉजर निकल्स आणि पॉल विल्यम्सने रचलेलं. लाखो लोकांनी ती जाहिरात पाहिली असेल. त्यात पूर्ण गाणं दडलंय हे रिचर्डने ओळखलं. 'सुपरस्टार' त्याने बेट मिडलरच्या तोंडून टीव्हीवरच ऐकलं. रेकॉर्डिंगच्या वेळी त्याने शब्द एका कागदी नॅपकिनवर खरडून बहिणीच्या हातात दिले. तिने ते वाचत, नुसतं जागा कळाव्यात म्हणून गायलं, आणि तोच पहिला टेक कायम राहिला. तिच्या आवाजाची खरी श्रीमंती खालच्या स्वरांत होती. मंद्रात उतरताना तो आणखी जवळ येतो, आणि भावाने गाण्यांच्या पट्ट्या त्या जागा ओळखून ठेवल्या. मागे जो मोठा वृंद गातोय असं वाटतं, तो म्हणजे हेच दोघं, स्वतःच्याच आवाजाचे थर पुन्हा पुन्हा चढवत गेलेले.

'गुडबाय टू लव्ह'मध्ये त्यांनी टोनी पेलुसोची खरखरीत, तापलेली इलेक्ट्रिक गिटार घातली, तेव्हा काही चाहते इतके भडकले की त्यांनी रागाची पत्रं पाठवली. ते गाणं संग्रहात आहे, तेही गिटारसकट. मामाच्या मते या एलपीतली सर्वांत धीट जागा तीच. तुमच्या एका गाण्यातला ढोलकीचा तुकडा लोकांनी नावं ठेवली म्हणून वगळायचं तुमच्या मनात आहे ना? वगळू नका.

१९७४ मध्ये ब्रिटनच्या यादीत हा संग्रह एकूण १७ आठवडे पहिला होता. अमेरिकेतही तो पहिल्या जागेवर पोहोचला, आणि तिथे पुढे सत्तर लाख प्रतींची अधिकृत नोंद झाली.

सोनू, आता जे लिहायचंय ते जड मनाने. कॅरन स्वतःला आधी ड्रमर मानायची. पण लोकांना गायिका समोर दिसायला हवी होती, म्हणून तिला ड्रम्समागून उठवून रंगमंचाच्या पुढे उभं केलं गेलं. दौरे, रेकॉर्डिंग, टीव्ही, पुन्हा दौरे. तिचं खाणं कमी होत गेलं. १९७५ मध्ये तब्येत इतकी ढासळली की ब्रिटन आणि जपानचे कार्यक्रम रद्द करावे लागले. ॲनोरेक्सिया नर्व्होसा हा आजार तेव्हा बहुतेकांना नावानेही माहीत नव्हता. ४ फेब्रुवारी १९८३ रोजी डाउनीला आईवडिलांच्या घरी ती कोसळली आणि त्याच दिवशी गेली. वय ३२. संग्रह निघाला तेव्हा ती अवघी तेवीस वर्षांची होती.

तुझी आई म्हणते, हल्ली कार्यक्रमाच्या आदल्या दिवसापासून तू जेवत नाहीस, 'स्टेजवर जाड दिसते' म्हणतेस. हे थांबव. दादालाही हे पत्र वाचायला दे. बहिणीच्या ताटाकडे लक्ष ठेवणं हेही त्याचं काम आहे. आणि तुझी तबल्याची बैठक गाण्यापायी मोडू देऊ नकोस.

दिवाळीला याल तेव्हा तयार संग्रह आणू नका. बारा गाण्यांचा क्रम कागदावर लिहून आणा, आणि ज्या गाण्यातला स्वतःचा आवाज आज तुला खटकतो त्यावर खूण करून ठेव. ते गाणं आपण इथे पुन्हा बसवू. तानपुरा जुळवून ठेवतो.

तुझा,
मामा