ईजीआर व्हॉल्व्हची सफाई: दीड हजारात काम घेतलं तर घरचे किती जातात?



व्हिडिओत मी ईजीआर व्हॉल्व्ह खोलून, साफ करून, परत बसवून दाखवला. पण पैशाचा हिशोब तिथे घाईत झाला, आणि गॅरेज काढायचं म्हणणाऱ्यांना तोच जास्त लागतो. म्हणून आज इथे नीट लिहितोय. काम कसं करायचं तेही सांगतो, कारण काम नीट न कळता लावलेला रेट चुकतोच.

आधी थोडक्यात, हा व्हॉल्व्ह असतो कशाला? डिझेल इंजिनात जळण फार गरम झालं की नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होतात. ते कमी व्हावेत म्हणून सायलेन्सरकडे जाणारा थोडा जळका वायू परत इंजिनात सोडतात. त्यात ऑक्सिजन कमी, त्यामुळे जळणाचं तापमान खाली येतं. हा वायू कधी आणि किती सोडायचा हे ईजीआर व्हॉल्व्ह ठरवतो. गंमत अशी की तापमान उतरवलं की काजळी वाढते. त्या काजळीला इंजिनाच्या ब्रीदरमधून येणारी तेलाची वाफ भेटते आणि डांबरासारखा काळा थर बसतो. सगळी भानगड त्या थराची.

आता आपल्या भागाचं बघा. मुलुंडहून घाटकोपरला एलबीएस मार्गाने या, नाहीतर अंधेरीत संध्याकाळी सात वाजता एस. व्ही. रोडला उभे राहा. पहिला, दुसरा, ब्रेक, परत पहिला. इंजिनावर लोड कमी, आणि कमी लोडवरच हा व्हॉल्व्ह जास्त उघडा असतो. शाळा, मार्केट, घर एवढंच चालणाऱ्या गाडीचं इंजिन तर पुरतं तापतच नाही. पुण्या-नाशिकला नियमित जाणारी गाडी आणि उपनगरातच फिरणारी गाडी, दोन्हींचे व्हॉल्व्ह शेजारी ठेवले तर फरक डोळ्यांनी दिसतो.

गिऱ्हाईक कोण? रिक्षा आणि काळीपिवळी सीएनजीवर, त्यांचा इथे संबंध नाही. आपलं गिऱ्हाईक म्हणजे जुनी डिझेल. जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर सरकारने मोकळे केले, डिझेलचे ऑक्टोबर २०१४ पर्यंत धरून ठेवले. मधल्या काळात ज्याला त्याला डिझेल गाडी हवी होती. स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा अशा कितीतरी गाड्यांत फियाटचं एकच १२४८ सीसीचं १.३ लिटर इंजिन होतं. एकदा त्या इंजिनावर हात बसला की बऱ्याच गाड्या हाताखाली येतात. पण एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं आणि मारुतीने डिझेल बंदच केलं. म्हणजे ही विहीर आहे, पण तिला नवीन झरा नाही. फक्त ईजीआर सफाईवर गाळा भाड्याने घेऊ नका. सर्व्हिसिंगच्या जोडीला ठेवायचं हे काम आहे.

ज्या गाड्यांना पंधरा वर्षं होत आलीत त्यांच्या मालकांना नोंदणी पुढे न्यायची असते, मग नंबर एमएच-०२ असो, ०३ असो की ४७. त्यासाठी पीयूसी लागते. बीएस-४ डिझेलला धुराच्या काळेपणाची मर्यादा १.६२ आहे, त्याआधीच्या डिझेलला २.४५. मशीनवर आकडा वर गेला की माणूस आपल्याकडे येतो आणि म्हणतो, "ईजीआर साफ करून द्या." इथेच थांबायचं. त्याने रोग सांगितलेला नाही, औषध सांगितलंय.

माझी चूक सांगतो. एक डिझायर आली, टुरिस्ट परमिटची, मालक स्वतःच चालवणारा. पिकअप नाही, चेक लाइट चालू. "ईजीआरच असेल दादा, मागे पण झालं होतं," असं तोच म्हणाला. मी स्कॅनर न लावता पोराला व्हॉल्व्ह उतरवायला सांगितला. छान साफ केला, बसवला, लाइट तसाच. मग स्कॅन केलं तर पी०४०३, म्हणजे सर्किटचा दोष. आतली मोटरच गेली होती. आता ती आधी गेलेली की आम्ही काढताना, धुताना घालवली? माझ्याकडे काहीच पुरावा नव्हता. तो म्हणाला, "आणली तेव्हा चालत तर होती ना?" या वाक्याला उत्तर नसतं. नवीन व्हॉल्व्हचे अर्धे पैसे मी भरले, मजुरी सोडली, आणि त्याचा दीड दिवसाचा धंदा बुडाला तो वेगळाच. त्याच्या गाडीचा हप्ता चालू होता. तो परत आला नाही, आणि त्याच्या स्टँडवरच्या गाड्याही आल्या नाहीत.

त्या दिवसापासून नियम असा की आधी स्कॅन, त्याचा फोटो, तो गिऱ्हाइकाच्या व्हॉट्सॲपवर, आणि मगच पाना हातात. पी०४०१ असेल तर वायू कमी जातोय, सफाईने फरक पडायची शक्यता आहे. पी०४०३ असेल तर सफाईचे पैसे घेऊच नका, आधी वायर, कनेक्टर, मोटर बघा. फक्त कोडवरही जाऊ नका. इंजिन चालू ठेवून स्कॅनरवरून व्हॉल्व्ह उघडा आणि बंद करा, आणि एअर फ्लो सेन्सरचा आकडा बघा. व्हॉल्व्ह उघडला की ताज्या हवेचं माप खाली आलं पाहिजे. व्हॉल्व्ह हलतोय पण माप हलत नाही, तर वाट कुठेतरी चोंदलीय किंवा सेन्सर खोटं बोलतोय. जुन्या व्हॅक्यूमवाल्या व्हॉल्व्हला हातपंप लावून बघायचं, दट्ट्या उचलतो का आणि व्हॅक्यूम टिकतो का. या सगळ्याला वीस मिनिटं लागतात. या तपासणीचे वेगळे पैसे घ्या. काम आपल्याकडेच केलं तर बिलातून वजा करा, म्हणजे कोणी कुरकुरत नाही.

आता सफाई. इंजिन थंड हवं, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली हवी. कनेक्टर आणि पाइपांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. बोल्ट गंजलेले असतात, आदल्या रात्री गंज सोडवायचा स्प्रे मारता आला तर उत्तम. तुटलेला बोल्ट काढण्यात अख्खा दिवस जातो आणि त्याचे पैसे कोणी देत नाही. व्हॉल्व्ह निघाला की मॅनिफोल्डच्या तोंडात लगेच स्वच्छ फडकं घाला. कार्बनचा कडक तुकडा आत पडून सिलिंडरमध्ये गेला तर पुढचं बिल तुमच्या नावावर.

पोरं सगळ्यात जास्त चुका इथे करतात. मोटरची बाजू क्लीनरमध्ये बुडवायची नाही. व्हॉल्व्ह उलटा धरून फक्त वायूच्या वाटेवर स्प्रे मारा, दहा मिनिटं भिजू द्या, मग नायलॉनचा ब्रश. थर जाड असेल तर प्लास्टिकच्या पट्टीने उचला. व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या सीटवर स्क्रूड्रायव्हर किंवा तारेचा ब्रश लागला की चरे पडतात, आणि मग तो बंद असतानाही गळतो. विजेवरचा व्हॉल्व्ह बोटाने जोर लावून दाबू नका, आतले गिअर प्लास्टिकचे असू शकतात. आणि चालू डिझेल इंजिनाच्या हवेच्या पाइपात ज्वलनशील स्प्रे मारून "न खोलता सफाई" करायची नाही. डिझेलला ठिणगी लागत नाही, आत गेलेलं जळणच असतं. इंजिन हाताबाहेर पळू शकतं.

हातमोजे आणि मास्क घाला, गाळ्याचं शटर पूर्ण उघडं ठेवा. काळं पाणी आणि भिजलेली फडकी बीएमसीच्या गटारात नाही, वेगळ्या डब्यात. वापरलेलं ऑइल नेणाऱ्या अधिकृत माणसाकडेच या डब्याचीही सोय लावा.

बसवताना गॅस्केट नवीनच. जुनं सरळ करून लावलं की शिट्टीसारखा आवाज येतो आणि गाडी आठवड्यात परत. काही गाड्यांत सफाईनंतर स्कॅनरवरून व्हॉल्व्हची बंद जागा पुन्हा शिकवावी लागते, ते विसरू नका. कोड पुसा, आठ-दहा किलोमीटर फिरवा, हायवेवर थोडी ओढा, आणि मग दुसरा स्कॅन. तो फोटोही गिऱ्हाइकाला.

आता दीड हजाराचं बघू. समजा तुमचं भाडं, दोन माणसांचे पगार, लाइट धरून महिन्याचा खर्च ९०,००० आहे. दोन माणसं, आठ तास, २६ दिवस म्हणजे ४१६ तास. पण सगळे तास बिलाचे नसतात. पार्ट आणायला कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जाणं, चहा, रिकामा मंगळवार. निम्मेच बिलात येतात असं धरा, म्हणजे २०८. एक तास तुम्हाला साधारण ४३३ रुपयांना पडतो. तपासणी, काढणं, सफाई, बसवणं, फिरवणं असे तीन तास म्हणजे १,३०० रुपये. गॅस्केट, क्लीनर, हातमोजे, फडकी यांचे समजा ६००. झाले १,९००. शेजारच्या गाळ्यात दीड हजारात होतं म्हणून तुम्हीही तेवढ्यात केलं, तर प्रत्येक गाडीमागे ४०० रुपये घरचे गेले, नफा तर सोडाच. आणि दहात एक गाडी परत आली तर तिचे तीन तासही याच बिलांतून निघायला हवेत. बीबीएला हे कॉस्टिंग मी पाठ करून पास झालो होतो, कळलं ते गाळ्यावर.

शेजारचा दीड हजारात कसं करतो? बहुतेक वेळा तपासणी नाही, गॅस्केट जुनं. नाहीतर तो सफाई करतच नाही, पत्र्याची प्लेट लावून वाट बंद करतो. गिऱ्हाईक खूश, कारण दोन दिवस पिकअप बरा वाटतो. तुमच्याकडेही कोणी येऊन "प्लेट टाका, पाचशे देतो" म्हणेल. मी नाही म्हणतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली असा बदल चालत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय विजेच्या व्हॉल्व्हवर प्लेट टाकली की कॉम्प्युटरला वायू येत नाही हे कळतं आणि लाइट परत लागतो. हे मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो. काही जण निघून जातात. जाऊ द्या.

एक गोष्ट रेट सांगतानाच बोलून टाका, की कार्बन परत बसणार. आणि गाडी फार लवकर परत आली तर व्हॉल्व्ह पुन्हा धुऊ नका, कारण शोधा. इंजेक्टर गळतोय का, टर्बो तेल सोडतोय का, एअर फिल्टर कधी बदलला, थर्मोस्टॅट उघडाच राहून इंजिन थंड चालतंय का. व्हॉल्व्ह चकाचक केला आणि पुढचं मॅनिफोल्ड निम्मं भरलेलं तसंच ठेवलं, तर गिऱ्हाइकाला फरक कमीच जाणवतो. फडकं घालण्याआधी आत टॉर्च मारून त्याला दाखवा आणि मॅनिफोल्डचा रेट वेगळा सांगा. तो नको म्हणाला तर जॉब कार्डावर तसं लिहून सही घ्या.

जॉब कार्ड छापायला फार खर्च नाही, साधं डुप्लिकेट बुकही चालतं. माझ्या कार्डावर वर किलोमीटर आणि आलेला कोड, मधे "आणली तेव्हाची तक्रार" गिऱ्हाइकाच्याच शब्दांत, खाली दोन सह्या, एक गाडी देताना आणि एक नेताना. पुढच्या व्हिडिओत ते भरून दाखवतो.