व्यवसाय-अर्थशास्त्र : पदवीनंतरचा अभ्यास आणि आपल्या उसाचा हिशेब



आपल्या घरातली मुलं-मुली आता बी. ए., बी. कॉम. होऊ लागली आहेत. पुढे काय, हा प्रश्न घरोघर आहे. पदवीनंतर व्यवसाय-अर्थशास्त्राचा अभ्यास करता येतो, पण "ते शिकून शेतात काय उजेड पाडणार?" असं आपण सहज म्हणून जातो. म्हणून तिथे काय शिकवतात ते आज आपल्याच उसावर घासून पाहू.

हा अभ्यास साधारणपणे दोन वर्षांचा असतो. २०२० च्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे चार वर्षांची पदवी घेतलेल्यांना तो एका वर्षातही करता येतो. खर्च, मागणी, किंमत, गुंतवणूक आणि संख्याशास्त्र हे त्याचे मुख्य विषय. गणित लागतेच. खालील आकडे मात्र केवळ समजण्यासाठी धरले आहेत.

१. झालेला खर्च आणि हुकलेली संधी

निडवा ठेवावा की मोडावा? आपण म्हणतो, "लागणीला एकरी ४० हजार घातलेत, मोडायचा कसा?" हे शास्त्र सांगते की ते ४० हजार गेले, ठेवला काय नि मोडला काय, परत येणार नाहीत. त्यांना बुडीत खर्च म्हणतात. हिशेब पुढचा करायचा.

समजा निडवा २५ टन येईल आणि टनाला ३,००० रुपये हाती पडतील. एकूण ७५ हजार. पुढचा खर्च ३५ हजार वजा केला की उरले ४० हजार. त्याच रानात सोयाबीन आणि मागून हरभरा घेऊन खर्च वजा जाता ५० हजार उरणार असतील, तर निडव्यात १० हजार हुकले. पावतीवर हा तोटा कुठेच दिसत नाही, त्यालाच संधी-खर्च म्हणतात. पण निडवा ३२ टन येणार असेल तर ६१ हजार उरतात. मग खुशाल ठेवावा. शास्त्र ऊस मोडा म्हणत नाही, मोजा म्हणते.

२. स्थिर खर्च

कारखाना चालो वा थांबो, कर्जाचे व्याज, कायम कामगारांचे पगार, घसारा चुकत नाहीत. असा खर्च ३० कोटी धरू. सहा लाख टन गाळप झाले तर टनामागे ५०० रुपये पडतात, चार लाख झाले तर ७५०. हे जादा अडीचशे शेवटी आपल्याच ऊसदरावर ताण आणतात. म्हणून ऊस बाहेर घालण्याआधी आणि विस्तारवाढीला हात वर करण्याआधीही हा भागाकार करून बघावा.

३. पैशाची वेळ

आजचा रुपया आणि सहा महिन्यांनंतरचा रुपया सारखा नसतो. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार बिल १४ दिवसांत द्यायचे असते, उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज लागते. मुदतीनंतर एक लाखाचे बिल ६० दिवस अडकले तर ते व्याज सुमारे २,४६६ रुपये होते. सोसायटीच्या कर्जाचा हप्ता काही थांबत नाही.

अर्थशास्त्र आणि ऊस यांचे नाते आपल्याकडे नवे नाही. केंब्रिजला शिकलेले धनंजयराव गाडगीळ १९३० साली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक झाले. विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांना एकत्र करून प्रवरा कारखाना उभा करायला घेतला, तेव्हा अध्यक्षपद गाडगीळांनी सांभाळले. १९५०-५१ साली त्याचा पहिला हंगाम झाला. शेतकऱ्यांची जिद्द आणि अभ्यासकाचा हिशेब एका बैठकीत बसले.

आपण भागधारक, म्हणजे मालक. ताळेबंद मालकाला वाचता आला नाही तर तो दुसरा कोणी सांगेल तसा ऐकावा लागतो. घरातल्या एखाद्या हुशार मुलाला, आणि मुलीलाही, हा अभ्यास करायचा असेल तर "नोकरी कुठली लागेल?" एवढंच विचारून थांबू नये. ते शिकलेलं पोर उद्या आपल्याच सभेत नेमका प्रश्न विचारेल.

घरी करून पाहा : आपल्या निडव्याचा पुढचा खर्च, अपेक्षित टन आणि दुसऱ्या पिकाचे उत्पन्न वहीत मांडा. लागणीचा खर्च त्यात धरू नका. मगच नांगराचं ठरवा.