तुरीचा बेवड आणि ताटातले वरण

तुरीच्या रानात पुढल्या साली ज्वारी पेरली, तर ती जोमदार येते. हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. तुमच्या आजोबांनाही ते ठाऊक होते. ‘तुरीचा बेवड आहे, पीक येणारच,’ असे ते म्हणत. हरभऱ्याचा आणि मुगाचा बेवडही चांगला मानतात. पण त्याच रानात ज्वारीवर ज्वारी घेत गेले, तर रान हळूहळू थकते.

असे का व्हावे? तूर जमिनीला देते तरी काय? आणि ती जे देते, त्याचा आपल्या ताटातल्या वरणाशी काही संबंध आहे का? संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे. पण तो उलगडायला मोठमोठ्या माणसांना पाऊणशे वर्षे खटपट करावी लागली. ती हकिकत या पाठात वाचू.

आधी एका शब्दाची ओळख करून घेऊ. तो शब्द म्हणजे नत्र. पिकाला हिरवेपणा येतो, पाला वाढतो, दाणा भरतो, तो नत्राच्या बळावर. नत्र कमी पडला की पीक पिवळे पडते. साध्या युरियाच्या पोत्यावर ४६ हा आकडा छापलेला असतो. त्याचा अर्थ, शंभर किलो युरियात ४६ किलो नत्र. बाकीचे दुसरे असते.

आता गंमत पाहा. नत्राला जगात तोटा नाहीच. हवेच्या शंभर भागांत अठ्ठ्याहत्तर भाग नत्रच आहे. तुमच्या एक एकर रानावर जी हवा आहे, तिच्यात तीस हजार टनांहून जास्त नत्र आहे. पीक त्यात बुडालेले आहे, आणि तरी उपाशी आहे! कारण हवेतल्या नत्राचे कण दोन-दोनच्या जोडीने एकमेकांना घट्ट धरून असतात. ती मिठी सोडवणे ज्वारीला जमत नाही, गव्हाला जमत नाही, उसालाही जमत नाही. जमिनीत विरघळलेला जो थोडा नत्र असतो, तेवढाच त्यांच्या कामाचा.

इंग्लंडातले एक शेत

याचा माग काढायला आपल्याला थोडे लांब जावे लागेल. इंग्लंडात, लंडन शहराच्या उत्तरेला, रॉथॅमस्टेड नावाचे ठिकाण आहे. तिथे जॉन लॉज नावाचा जमीनदार राहत होता. त्याला रसायनांचा नाद. स्फुरद असलेल्या दगडांवर आणि हाडांवर गंधकाचे तेजाब ओतून त्याने खत बनवले. तेच हे सुपरफॉस्फेट. १८४३ साली त्याने हेन्री गिल्बर्ट नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला हाताशी घेतले. या दोघांनी एकत्र किती वर्षे काम केले असेल? सत्तावन्न वर्षे! लॉज १९०० साली वारला, तेव्हाच ही जोडी फुटली.

त्या वेळी जर्मनीतल्या लिबिग या शास्त्रज्ञाचा मोठा दबदबा होता. तो म्हणे, पिकाला नत्र हवेतून आणि पावसातून पुरेसा मिळतो. शेतकऱ्याने फक्त राखेतली खनिजे जमिनीला परत द्यावी, म्हणजे झाले. गिल्बर्ट हा लिबिगकडेच शिकलेला. पण गुरू म्हणतो म्हणून मानायचे, असे या दोघांनी केले नाही. त्यांनी ब्रॉडबॉक नावाच्या शेताच्या लांबच लांब पट्ट्या पाडल्या आणि त्यात गहू पेरला. एका पट्टीला शेणखत दिले. एकीला नुसती खनिजे दिली. एकीला खनिजे आणि नत्र दोन्ही दिले. आणि एका पट्टीला काहीच दिले नाही.

नुसत्या खनिजांच्या पट्टीत गहू फारसा वाढला नाही. नत्र पडला, तिथे मात्र तो शेणखताच्या पट्टीच्या बरोबरीला आला. लिबिगचे म्हणणे गव्हाने खोटे पाडले.

हे शेत आजही पेरतात. १८४३ पासून त्या एका पट्टीला चिमूटभर खत मिळालेले नाही. ती अजून पिकते, पण एकरी चार क्विंटलांच्या आसपास. जमीन एकदम मरत नाही, हे यावरून कळते. ती गरीब होते आणि गरिबीतच राहते. शेणखताच्या पट्टीची माती मात्र आज भुसभुशीत आहे. तिच्यात कुजलेला काडीकचरा बिनखताच्या पट्टीच्या दुपटीहून जास्त आहे. जुन्या मातीचे आणि दाण्यांचे नमुने त्यांनी बाटल्यांत भरून जपून ठेवले आहेत. आम्हाला या चिकाटीचे फार कौतुक वाटते. एकच प्रयोग इतकी वर्षे चालू ठेवायचा, हे काही सोपे काम नाही.

पण याच चिकाट माणसांना एका कोड्याने चकवले. गव्हाला नत्र बाहेरून द्यावा लागतो, तसा वाटाण्याला आणि क्लोव्हर नावाच्या चाऱ्याला द्यावा लागत नाही. वाटाणा, क्लोव्हर, तूर, हरभरा ही सगळी एकाच कुळीची पिके. यांना नत्र मिळतो कुठून? फ्रान्समध्ये बुसिंगो याने १८३८ मध्येच दाखवले होते की, क्लोव्हर आणि वाटाणा यांच्या अंगात वाढणारा सगळा नत्र मातीतून येत नाही.

१८५७ साली लॉज आणि गिल्बर्ट यांनी प्यू नावाच्या अमेरिकन तरुणाला घेऊन याचा छडा लावायचे ठरवले. त्यांनी माती चांगली भाजून घेतली, म्हणजे तिच्यात नत्राचा अंशही उरू नये. त्या मातीत रोपे लावली आणि ती काचेखाली झाकली. आत सोडायची हवासुद्धा तेजाबातून धुऊन सोडली. एवढी काळजी घेऊन निकाल काय आला? कोणत्याच रोपाने हवेतला नत्र घेतला नाही. गव्हाने नाही, आणि वाटाण्यानेही नाही.

प्रयोगात आळस नव्हता की लबाडी नव्हती. माती भाजली, तिथेच घोटाळा झाला. मातीत जे कोणी काम करणारे होते, तेही भाजून मेले. पण ते तिथे होते, हेच तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. कोडे आणखी जवळजवळ तीस वर्षे तसेच राहिले.

मग १८८६ साली जर्मनीतल्या हेलरीगल याने ते सोडवले. विल्फार्थ हा त्याचा सोबती. त्यांनी कुंड्यांत निव्वळ वाळू भरली आणि ओट व वाटाणा लावला. ओटचे धान्य शिस्तीचे. जेवढा नत्र द्यावा, तेवढेच वाढे. वाटाण्याचे मात्र काही कळेना. सारख्याच कुंड्या, सारखीच वाळू, पण एक रोप वाळून जाई आणि शेजारचे हिरवेगार होई. त्यांनी रोपे उपटून मुळे धुतली. जे रोप तरारले होते, त्याच्या मुळांवर बारीक गाठी होत्या. वाळलेल्याच्या मुळांवर नव्हत्या.

मग त्यांनी शेतातली माती पाण्यात कालवली आणि ते पाणी थोडेसे कुंडीत घातले. वाटाणा तरारला. तेच पाणी उकळून घातले. काही झाले नाही. उकळल्याने मरते, म्हणजे ते काहीतरी जिवंत असले पाहिजे! १८८८ साली हॉलंडमधल्या बेयरिंक याने गाठीतला तो जीव वेगळा काढून वाढवून दाखवला. तो डोळ्यांना दिसत नाही इतका बारीक असतो. त्याला जिवाणू म्हणतात. जिवाणू म्हटले की रोगच आठवतो, पण हे जिवाणू रोग करत नाहीत.

तूर त्यांना मुळात घर देते आणि पानात तयार झालेली साखर खायला देते. त्या बदल्यात ते हवेतल्या नत्राची मिठी सोडवून तो तुरीला देतात. कारखान्यात हेच काम करायला चारशे-पाचशे अंशांची आच आणि प्रचंड दाब लागतो. गाठीत ते गारव्यात, बिनआवाज होते.

हे तुम्हाला घरी पाहता येईल. मूग किंवा भुईमूग महिना-सव्वा महिन्याचा झाला की एक रोप खुरप्याने मातीसकट काढा. ओढू नका, गाठी तुटून मातीत राहतात. मुळे पाण्यात हलवून धुवा. एक गाठ नखाने फोडा. आत तांबूस-गुलाबी रंग दिसला, तर काम चालू आहे. आपल्या रक्ताला लाल करणारा जो पदार्थ असतो, त्याच्याच जातीचा पदार्थ त्या गाठीत असतो. आत हिरवट किंवा भुरकट दिसले, तर ती गाठ कामाची राहिलेली नाही.

आणि गाठीच दिसल्या नाहीत तर? त्या रानात त्या पिकाचे जिवाणू कमी असतील. त्यासाठी रायझोबियमची पाकिटे मिळतात. २५० ग्रॅमचे पाकीट दहा किलो बियाण्याला पुरते. गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला हलक्या हाताने चोळायचे, सावलीत वाळवायचे आणि लगेच पेरायचे. उन्हात वाळवले तर जिवाणू मरतात. पाकीट घेताना पीक सांगून घ्या. हरभऱ्याचे जिवाणू सोयाबीनला चालत नाहीत.

बेवडाविषयी एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. कडधान्य पेरले की सगळा नत्र जमिनीत राहतो, असे कोणी म्हणेल तर ते खरे नाही. त्यातला बराचसा दाण्यात जातो आणि दाणा आपण घरी आणतो. रानाला उरतो तो पाल्यातला आणि मुळांतला. तूर पाला गाळते, म्हणून तिचा बेवड चांगला. हरभरा मुळासकट उपटून भुसकटही नेले, तर रानाच्या वाट्याला फारच थोडे येते. विळ्याने कापला तर मुळे तरी रानात राहतात.

दाण्यात गेलेला नत्र

मग दाण्यात गेलेल्या नत्राचे काय होते? त्याची प्रथिने होतात. काही जण प्रोटीन म्हणतात, तेच हे. आपले मांस, रक्त, केस, नखे ही सगळी प्रथिनांनी बनतात. पोर वाढते ते प्रथिनांवर. गरोदर बाईला, अंगावर पाजणाऱ्या आईला ती जास्त लागतात.

दाण्यात प्रथिने किती, हे मोजायची सोपी रीत १८८३ साली डेन्मार्कमधल्या केल्डाल याने काढली. तो एका बिअरच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत होता आणि त्याला जव तपासायचे होते. दाणा कडक तेजाबात उकळायचा, त्यातला नत्र मोजायचा आणि आकड्याला सव्वासहाने गुणायचे. कारण प्रथिनांच्या शंभर भागांत सुमारे सोळा भाग नत्र असतो. ही रीत आजही वापरतात. मात्र ती नत्र मोजते, प्रथिने नव्हे. २००८ साली चीनमध्ये लबाड लोकांनी याचाच फायदा घेतला. दुधात पाणी घातले आणि नत्राचा आकडा भरून यावा म्हणून मेलामाइन नावाचे रसायन मिसळले. सहा बाळे दगावली. सुमारे तीन लाख मुले आजारी पडली.

केल्डालच्या रीतीने मोजले तर शंभर ग्रॅम तांदळात सात-आठ ग्रॅम प्रथिने निघतात. ज्वारीत दहाच्या आसपास, तूरडाळीत बावीसच्या आसपास. तुरीत इतकी जास्त का, ते आता तुमच्या ध्यानात आले असेल. तिच्या मुळाशी नत्र आणून देणारे राबत असतात.

पण नुसत्या वजनाने भागत नाही. अमेरिकेत न्यू हेवन गावाच्या शेती संशोधन केंद्रात ऑस्बॉर्न नावाचा रसायनशास्त्रज्ञ होता. निरनिराळ्या बियांतली प्रथिने वेगळी काढण्यात त्याने वर्षानुवर्षे घालवली. १९०९ पासून त्याने मेंडेल या प्राध्यापकाबरोबर पांढऱ्या उंदरांवर प्रयोग केले. मक्यातले एकच प्रथिन, झीन, खायला दिले, तर पोट भरूनही उंदीर खंगत जात. ट्रिप्टोफॅन नावाचा एक पदार्थ त्यात मिसळला, तर खंगणे थांबे, पण वाढ होत नसे. लायसिन नावाचा दुसरा पदार्थही मिसळला, तेव्हा कुठे ते वाढू लागले. हे १९१४ साली त्यांनी प्रसिद्ध केले.

याचा अर्थ असा. प्रथिन ही एक माळ समजा. वीस तऱ्हांचे मणी ओवून ती होते. त्यातले नऊ तऱ्हांचे मणी आपल्या शरीराला करता येत नाहीत. ते अन्नातूनच यावे लागतात. एक मणी संपला की ओवणे थांबते, मग बाकीचे कितीही असोत.

ज्वारीत लायसिन हा मणी फार कमी. गहू, बाजरी आणि तांदूळ यांतही तो कमीच. डाळीत तो भरपूर. डाळीत मेथिओनिन नावाचा दुसरा मणी कमी, तो धान्यात त्या मानाने बरा. म्हणून भाकरीबरोबर पिठले, भाताबरोबर वरण. एकाचे उणे दुसरे भरून काढते. शेंगदाण्याची चटणी चांगलीच, तिच्यातही प्रथिने खूप. पण लायसिन डाळीपेक्षा कमी. तेव्हा रोज चटणी-भाकरीवर दिवस काढला, तर डाळीची जागा ती पुरती भरत नाही. दूध, अंडी, मासळी यांत सगळे मणी असतात. ज्यांना परवडते आणि चालते, त्यांनी खावे.

हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते, तीन भाग धान्याला एक भाग डाळ असावी. तीन वाट्या पिठाला आणि तांदळाला मिळून एक वाटी कोरडी डाळ. किती घरांत एवढी शिजते? डाळ महागली की वरणात पाणी वाढते. पुरुष आधी जेवतात, बाई मागून, आणि तोवर पातेल्याच्या तळाशी काय उरते ते सगळ्यांना ठाऊक आहे. घरच्या रानात ज्वारीच्या चार-सहा ओळींमागे तुरीची एखादी ओळ असली, तर निदान घरापुरती डाळ बाजारातून आणावी लागत नाही.

लहान बाळांना पुष्कळ घरी वरणावरचे पाणी पाजतात. ‘डाळीचा सगळा कस उतरलाय त्यात,’ असं आजीबाई म्हणतात. कस पाण्यात फारसा उतरत नाही. प्रथिने खाली डाळीतच राहतात, आणि बाळाचे इवलेसे पोट पाण्याने भरून जाते. सहा महिने पुरे झाले की अंगावरच्या दुधाबरोबर मऊ भात आणि घट्ट वरण एकत्र कुस्करून, वर थोडे तूप किंवा तेल घालून बाळाला भरवावे. पळीने वरचे पाणी घेऊ नका, तळापासून ढवळून घ्या.