पेडल कडक की खोल? जुन्या पिकअपच्या ब्रेकचं निदान आणि खर्च

जुन्या पिकअपचा ब्रेक बिघडला की मालक गॅरेजमध्ये एकच वाक्य सांगतो, 'ब्रेक लागत नाही.' या वाक्यामागे दोन वेगळे आजार असू शकतात आणि दोघांची बिलंही वेगळी असतात. पेडल कडक झालं, सगळा जोर लावूनही गाडी लांबवर जाऊन थांबते, तर पहिला संशय व्हॅक्यूमच्या बाजूवर. पेडल मऊ लागतं, खोल जातं किंवा दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसतं, तर दोष ब्रेक ऑइलच्या बाजूला. हा फरक घरच्या अंगणात फुकट कळतो. तो न बघता थेट बूस्टर (व्हॅक्यूमच्या मदतीने पेडलचा जोर वाढवणारा भाग) बदलला, तर चार-पाच हजार रुपये जातात आणि तक्रार तशीच राहते.

व्हॅक्यूम येतो कुठून?

पेट्रोल इंजिन हवा आत ओढतं, तेव्हा तयार होणारा व्हॅक्यूम बूस्टरला मिळतो. डिझेल इंजिनात तसा व्हॅक्यूम मिळत नाही, म्हणून वेगळा पंप लागतो. बोलेरो पिकअप, टाटा २०७ यांच्या वयाच्या बऱ्याच डिझेल गाड्यांत हा पंप अल्टरनेटरच्या पाठीला असतो आणि त्याला इंजिनचंच ऑइल मिळतं. अशा गाडीत चालता चालता बॅटरीचा लाल दिवा लागला आणि पेडलही कडक झालं, तर आधी बॉनेट उघडून पट्टा बघा. पट्टा तुटला की चार्जिंग आणि व्हॅक्यूम दोन्ही एकदम बंद पडतात.

अंगणातल्या चार चाचण्या

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून, चाकांना दगड लावून उभी करा.

१. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा. कडक झालं की पाय तसाच ठेवून इंजिन चालू करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. हललंच नाही, तर बूस्टरची मदत मिळत नाही.

२. इंजिन दोन मिनिटं चालवून बंद करा आणि पेडल सावकाश तीन-चार वेळा दाबा. पहिल्यांदा खोल आणि मग दर वेळी थोडं वर राहिलं, तर बूस्टर हवाबंद आहे. पहिल्यापासूनच कडक असेल, तर व्हॅक्यूम टिकत नाही किंवा तयारच होत नाही. पाइप, वन-वे व्हॉल्व्ह आणि पंप तपासा.

३. इंजिन चालू ठेवून पेडल दाबा, दाबलेलंच ठेवून इंजिन बंद करा आणि अर्धा मिनिट थांबा. पेडल पायाला वर ढकलू लागलं, तर व्हॅक्यूम कुठून तरी गळतो आहे. पेडलजवळ 'स्स्स' आवाज येत असेल, तर बूस्टरवरचा संशय पक्का होतो.

४. इंजिन चालू असताना पेडल मध्यम जोराने दाबून धरा. ते हळूहळू खाली बसत असेल आणि बाहेर कुठेही गळती दिसत नसेल, तर मास्टर सिलिंडरचे आतले रबर गेले आहेत.

पहिल्या तीन चाचण्या नीट पार पडल्या आणि तरीही जोर लावावा लागतो, तर बूस्टरला हात लावू नका. गुळगुळीत झालेले किंवा तेलकट लायनर आणि गंजून अडकलेले कॅलिपर बघा.

खर्चाचा अंदाज

पुढचे आकडे ढोबळ आहेत. मॉडेल, कंपनी आणि दुकान यांप्रमाणे ते बदलतील.

- व्हॅक्यूम पाइप, क्लिप, वन-वे व्हॉल्व्ह: २०० ते ७०० रुपये
- पट्टा: ३०० ते ८०० रुपये
- व्हॅक्यूम पंपाचं किट: ३०० ते ८०० रुपये, नवा पंप: १,५०० ते ४,००० रुपये
- बूस्टर: २,५०० ते ५,५०० रुपये
- मास्टर सिलिंडरचं किट: २५० ते ६०० रुपये, नवा सिलिंडर: १,५०० ते ३,००० रुपये
- मागचा व्हील सिलिंडर: प्रत्येकी ३५० ते ८०० रुपये
- ब्रेक ऑइल आणि हवा काढण्याची मजुरी: ५०० ते १,००० रुपये
- बूस्टर किंवा मास्टर सिलिंडर बदलण्याची मजुरी: ६०० ते १,५०० रुपये

वाहनांच्या सुट्या भागांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. पक्क्या बिलावर जुना २८ टक्के दर दिसला, तर विचारा.

बूस्टर बहुधा बळी असतो

बूस्टर काढायला लागलाच, तर आत काय सापडतं ते स्वतः बघा. व्हॅक्यूमच्या पाइपात आणि बूस्टरमध्ये काळं इंजिन ऑइल असेल, तर दोष पंपाचा. तो तसाच ठेवला, तर नव्या बूस्टरचं रबरही खराब होईल. आत ब्रेक ऑइल असेल, तर मास्टर सिलिंडरचा मागचा सील गळतो आहे. चाकांपाशी कुठेही ओल नसताना डबीतलं ब्रेक ऑइल कमी होत जातं, त्याचं एक कारण हेच. अशा वेळी सिलिंडरचं काम त्याच खेपेला उरकलं, तर मजुरी दोनदा पडत नाही.

डबीत चुकूनही इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंगचं ऑइल घालू नका. त्याने सगळे रबर फुगतात आणि मास्टर सिलिंडरपासून चाकांपर्यंत सगळंच बदलावं लागतं.

खारी हवा, पाऊस आणि घाट

रत्नागिरीच्या मिरकरवाड्याहून मासळी वाहणाऱ्या गाडीत बर्फाचं खारट पाणी मागच्या भागावर सतत गळतं. तिथल्या लोखंडी ब्रेक पाइपांना गंज धरतो, म्हणून चार चाचण्यांबरोबर गाडीखाली बॅटरी मारून पाइपही बघा. फुगलेला, पापुद्रे सुटलेला पाइप सांधू नका, बदला.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू नवेपणी किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. ओलावा मुरल्यावर तो १४० पर्यंत उतरू शकतो. कोल्हापूरहून भरलेली गाडी आंबा घाट उतरत साखरप्याकडे येते, तेव्हा सतत दाबलेला ब्रेक तापतो, ऑइलला उकळी फुटते आणि पेडल एकदम खोल जातं. रत्नागिरीच्या दमट हवेत ऑइल दोन वर्षांनी बदलणं हा सगळ्यात स्वस्त विमा आहे.

डिझेल वाचवायला इंजिन बंद करून घाट उतरणं तर थेट अपघाताला आमंत्रण. पंप थांबतो, बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम एक-दोन दाबांत संपतो आणि पेडल कडक होतं. ज्या गिअरमध्ये चढ चढता, त्याच गिअरमध्ये उतरा.

गॅरेजमध्ये

'ब्रेक बघा' असं मोघम न सांगता कोणती चाचणी फसली ते सांगा. पंपावर संशय असेल, तर व्हॅक्यूम गेज लावून आकडा दाखवायला सांगा. काढलेला जुना भाग मागून घ्या आणि मजुरी व भाग यांचे पैसे वेगळे लिहून घ्या. आठ वर्षांपेक्षा जुन्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागतो, तेव्हा हे काम त्या तारखेआधी आणि आंब्याच्या हंगामाआधी उरका. चाचणी फसलेली गाडी माल भरून हातखंब्याच्या उतारावरही नेऊ नका; मेकॅनिकलाच बोलावा किंवा गाडी टो करून न्या. काम झाल्यावर चारही चाचण्या त्याच्यासमोर पुन्हा करा आणि पैसे त्यानंतरच द्या.