फेरिक क्लोराइड: पावडर स्वस्त, पण हिशेब पूर्ण मांडा

पितळी नेमप्लेट किंवा पीसीबी बनवायचा छोटा उद्योग सुरू करताय? मग फेरिक क्लोराइडशी गाठ पडणारच. एचिंग कसं करायचं ते व्हिडिओत पाहिलं. आता हे रसायन ओळखून घेऊ.

हे नक्की काय आहे?
लोखंड आणि क्लोरीन यांचं संयुग. कोरडा प्रकार काळपट असतो, तर पाणी धरलेला प्रकार पिवळट-तपकिरी ढेकळांचा. दोन्ही हवेतला ओलावा ओढतात. ढेकळं साधारण 37 अंश सेल्सिअसलाच वितळतात, म्हणून उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली डबा ठेवू नका.

किती लागतं?
1 ग्रॅम तांबं विरघळवायला कोरडं फेरिक क्लोराइड किमान 5 ग्रॅम लागतं, ढेकळांचं साडेआठ. 35 मायक्रॉन तांब्याच्या 10 बाय 10 सेंटिमीटर बोर्डवर एका बाजूला सुमारे 3 ग्रॅम तांबं असतं. खरेदी या हिशेबाने करा, वर थोडं जास्त धरा.

काळजी काय घ्यायची?
1. पावडर पाण्यात थोडी थोडी टाका. पावडरीवर पाणी ओतू नका, एकदम उष्णता निघते.
2. द्रावण आम्लधर्मी आहे. चष्मा आणि रबरी हातमोजे हवेतच. डोळ्यात उडालं तर किमान 15 मिनिटं पाण्याने धुवा आणि लगेच डॉक्टरकडे जा.
3. भांडं प्लास्टिकचं किंवा काचेचं घ्या. ॲल्युमिनियम आणि स्टील दोन्ही ते खातं.
4. कपड्यावर, फरशीवर पडलेला डाग सहज जात नाही.

वापरलेल्या द्रावणाचं काय?
इथेच बहुतेक जण चुकतात. द्रावण हिरवट झालं, काम मंदावलं, की मोरीत ओतून मोकळे! पण आता त्यात तांबं उतरलेलं असतं आणि ते मासे व इतर जलचरांना विषारी असतं. सोडा टाकून आम्ल मारलं तरी तांबं नाहीसं होत नाही, गाळात बसतं. म्हणून द्रावण आणि गाळ दोन्ही झाकणाच्या प्लास्टिक कॅनमध्ये साठवा, वर नाव लिहा आणि घातक कचरा घेणाऱ्या अधिकृत संस्थेकडेच द्या. महाराष्ट्रात असाल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जवळच्या कार्यालयात आधी चौकशी करा.

आजचा गृहपाठ
एका नेमप्लेटचा खर्च काढा. पावडरीबरोबर हातमोजे, चष्मा, कॅन आणि विल्हेवाटीचा खर्चही धरा. मगच गिऱ्हाईकाला भाव सांगा. हा खर्च सोडून दिलेला भाव स्वस्त दिसतो, पण फरक शेवटी तुमचे हात आणि गावचा ओढा भरतात.