ऊन तापायच्या आधी सवयी बदलून घेऊ

पळसाची फुले गळायला लागली, कडुनिंबाला कोवळी पालवी फुटली की वस्तीतल्या बायांना कामे सुचू लागतात. गोधड्या धुवायला निघतात. माठवाला हातगाडी घेऊन गल्लीत फिरतो. वर्षाचे तिखट कुटून होते, पत्र्यावर जुनी पोती टाकली जातात. घर उन्हाळ्यासाठी तयार होते, शरीराची तयारी मात्र राहून जाते. पाणी हिवाळ्याइतकेच, चहा हिवाळ्याइतकाच, बाजाराला जायची वेळ तीच दुपारी बाराची. मग एप्रिल उजाडला की चक्कर, उलटी, लघवीची जळजळ सुरू. म्हणून यावेळी या पानावर आम्ही उन्हाळ्याविषयी नाही, त्याच्या आधीच्या दिवसांविषयी बोलणार आहोत.

शरीराला ऊन सरावायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. तेवढ्या दिवसांत घाम लवकर सुटू लागतो, घामावाटे मीठ कमी जाते, हृदयावरचा ताण कमी होतो. हा सराव थोड्या थोड्या उन्हात, पाणी पिऊन, विश्रांती घेत होतो. जो माणूस आजारातून उठला आहे, जी बाई बाळंतपणानंतर पहिल्यांदाच कामावर निघाली आहे, जो पोरगा गावाहून येऊन थेट वीटभट्टीवर लागला आहे, त्यांचा हा सराव झालेला नसतो. धोका त्यांना सर्वांत जास्त. अशा माणसाला पहिले चार-पाच दिवस अर्धेच काम द्या, आणि शक्य तेवढे सावलीतले द्या. मुकादमाला हे सांगावे लागते, आपण होऊन तो देत नाही.

आता पाण्याकडे येऊ. 'भरपूर पाणी प्या' हे वाक्य दवाखान्याच्या भिंतीवर असते, टीव्हीवर असते, आम्हीही नोकरीत असताना हजारदा म्हटले असेल. पण वस्तीत बायांशी बोलायला बसलो की खरे कारण कळते. बायांना तहान लागत नाही असे नाही. त्या ठरवून पीत नाहीत. सकाळी कामावर निघताना पाणी पिणे बंद, कारण धुण्याभांड्याच्या घरी संडास वापरू देत नाहीत. बांधकामावर आडोसा नाही. भंगार वेचणाऱ्या बाईला दिवसभर मोकळी जागा सापडत नाही. संध्याकाळी घरी आले तरी सार्वजनिक संडासाचा दिवा गेलेला, कडी तुटलेली, म्हणून रात्रीचेही पाणी बंद. ही सवय आळसाने लागलेली नाही, लाजेने आणि भीतीने लागली आहे.

हिवाळ्यात ती कशीबशी निभते. उन्हाळ्यात निभत नाही. लघवी तुंबवून ठेवली आणि पाणी कमी पडले की मूत्रमार्गात जंतू वाढतात. जळजळ, सारखे लागणे, ओटीपोटात दुखणे, थंडी वाजून ताप येणे ही त्याची लक्षणे. गरोदर बाईत हा संसर्ग अंगावर काढला तर तो मूत्रपिंडापर्यंत जाऊ शकतो आणि दिवस भरायच्या आधी कळा येऊ शकतात. मुतखडा आणि बद्धकोष्ठ हे त्याचेच भाऊबंद.

मग करायचे काय? घरातून निघण्याच्या दीड-दोन तास आधी, म्हणजे उठल्या उठल्या, दोन पेले पाणी प्या आणि निघण्यापूर्वी लघवीला जाऊन या. कामावर बाटली सोबत ठेवा. उन्हातले कष्टाचे काम असेल तर तहानेची वाट न पाहता अर्ध्या तासाने पेलाभर पाणी घ्या. पाणी पुरते की नाही याची खूण लघवीच्या रंगात असते. फिकट पिवळी असेल तर ठीक, चहासारखी गडद झाली तर पाणी कमी पडते आहे. (ब जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू असतील तर रंग तसाही गडद पिवळा दिसतो, घाबरू नका.) ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे आणि डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी मात्र विचारल्याशिवाय वाढवू नये.

दुसरी सवय एकटीने बदलत नाही. बांधकामावर मालकाने कायद्यानुसार पिण्याचे पाणी आणि मुताऱ्यांची सोय करायची आहे, हे बायांना माहीत नसते. मुंबईत २०११ पासून महिलांनी 'राइट टू पी' ही मोहीम चालवली. पुरुषांना मुतारी फुकट आणि बाईला पैसे, हे का, एवढाच त्यांचा साधा प्रश्न होता. आपल्या गल्लीत निदान संडासाचा दिवा आणि आतली कडी यासाठी महिला मंडळाने वॉर्ड ऑफिसात अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. हा आरोग्याचाच अर्ज आहे. तो मार्चमध्ये दिला तर मे महिन्यात उपयोगी पडेल.

शाळा सकाळची झाली की आणखी एक गोष्ट घडते. मूल साडेसहाला चहा-बिस्किटावर घराबाहेर पडते आणि भर उन्हात उपाशी परत येते. रात्रीची भाकरी असतेच. तिच्यासोबत शेंगदाण्याची चटणी, किंवा भिजवलेले हरभरे-मटकी आणि गूळ द्या. ज्वारीची नाहीतर नाचणीची आंबील ताकात कालवून दिली तर पोटही भरते आणि पाणीही जाते. या दिवसांत नवा हरभरा स्वस्त असतो. मोठ्यांनीही जेवणावर लगेच चहा घेऊ नये, चहामुळे अन्नातले लोह अंगी लागत नाही. तासाभराने घ्या. उलट पालेभाजीवर लिंबू पिळले, वरणात कैरीची फोड टाकली तर लोह जास्त शोषले जाते. लोहाची गोळी घेणाऱ्या पोरींनाही हेच लागू.

बाळाविषयी आज्यांशी आमचा दरवर्षी वाद होतो. 'ऊन आहे, लेकराचा घसा सुकतो, चमचाभर पाणी पाजू दे.' सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाळ्यातही वरचे पाणी लागत नाही. आईच्या दुधात पाणी पुरेसे असते. वरचे पाणी दिले की बाळाचे पोट त्यानेच भरते, दूध कमी जाते आणि जुलाब लागायची भीती असते. बाळाला जास्त वेळा अंगावर घ्या आणि पाणी बाळाच्या आईला पाजा.

जुलाब लागलेच तर ओआरएसची एक पुडी एक लिटर पाण्यात एकदम कालवायची, थोडी थोडी नाही. पुडी नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चोवीस तासांनी उरलेले फेकून द्यायचे. दुकानातले गोड पेय हे ओआरएस नव्हे, खोक्यावरचे चित्र कसेही असो.

नळ दिवसाआड आला की पिंपे भरून ठेवावी लागतात. डेंग्यूचा डास याच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास उडतात. म्हणून आठवड्यातून एकदा पिंप रिकामे करून आतून घासा, कारण अंडी कडेला चिकटलेली असतात. वरून कापड घट्ट बांधा. कूलरची टाकी विसरू नका.

एप्रिल म्हटला की जयंती, आणि जयंती म्हटली की मिरवणूक. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानात भर उन्हात झालेल्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. नवी मुंबईचे ऊन नागपूर-चंद्रपूरइतके नसते. पण दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. सावलीविना तासन् तास बसलेल्या माणसाला आकडा चाळीसच्या वर जायची गरज नसते. जयंती मंडळांना आमचे सांगणे की मिरवणूक ऊन उतरल्यावर काढा. वाटेत पाण्याचे माठ ठेवा, लेझीम आणि ढोलाच्या पथकातल्या पोरांना आधीपासून पाणी पाजा. डीजेच्या खर्चातून एक मंडप सावलीसाठी निघू शकतो.

खिशात कांदा ठेवल्याने ऊन बाधत नाही असे पुष्कळ जण मानतात. कांदा खा, खिशात त्याचा काही उपयोग नाही. माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग भाजल्यासारखे गरम लागले, झटके आले किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात समजा. १०८ ला फोन करा आणि गाडीची वाट बघत बसू नका. सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला. मान, काखा आणि जांघेत ओले फडके ठेवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनळीत जाते.

बीपी-शुगरवाल्यांनी ऊन वाढायच्या आधी एकदा तपासणी करून घ्यावी. बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते. हिवाळ्यात बसलेला डोस उन्हाळ्यात जास्त होऊन उठताना अंधारी येऊ शकते. गोळी स्वतः बंद करू नका, डॉक्टरांना दाखवून बदलून घ्या. इन्सुलिन पत्र्याच्या घरात, फळीवर ठेवू नका. फ्रीज नसेल तर मोठ्या मडक्यात ओली वाळू घालून त्यात लहान मडके बसवा. इन्सुलिनची कुपी झाकणाच्या डबीत घालून त्यात ठेवा आणि वाळू रोज ओली करा. कुपी फोडली ती तारीख चिकटपट्टीवर लिहा. साधारण चार आठवड्यांनी ती बदलायची असते. हलक्या हाताने फिरवूनही तळाशी गुठळ्या दिसल्या तर ती कुपी टोचू नका, आरोग्य केंद्रात दाखवून नवी मागा.