हरवलेलें अक्षर

आमच्या वार्षिकाचा मराठी विभाग आम्हीं यंदा प्रथमच शाळेच्या संगणकावर जुळविला. पहिलीं मुद्रितें हातीं आलीं तेव्हां पारितोषिकांच्या यादींत एका विद्यार्थिनीचें 'ॲनी' हें नांव 'नी' असें उमटलें होतें. पहिल्या अक्षराच्या जागीं नुसता कोरा कागद. हें व्यंग आम्हां तपासणारांच्या दृष्टीस पडलें नाहीं. जिचें नांव, तिच्याच दृष्टीस तें पडलें. "माझें पहिलें अक्षर कोठें गेलें?" या तिच्या प्रश्नाचा शोध घेतांना आम्हांस जें शिकावयास मिळालें, तें आमच्या विद्यार्थी-बंधुभगिनींपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पूर्वीं छापखान्यांत जुळारी शिशाचे खिळे खणांतून उचलून ओळी जुळवीत असे. खण रिकामा असला कीं तें त्याच्या बोटांस तत्काळ कळे. संगणकांत खिळे नाहींत. त्यांच्या ठिकाणीं 'फाँट' असतो, म्हणजे प्रत्येक अक्षराची आकृति जींत सांठविलेली आहे अशी एक फाईल. अमेरिकेंतील प्राध्यापक डोनाल्ड कनुथ यांस १९७७ सालीं स्वतःच्या ग्रंथाचीं मुद्रितें इतकीं कुरूप वाटलीं कीं, त्यांनीं 'टेक्' ही जुळणीची आज्ञावली स्वतःच रचिली. तिच्याच आधारें जोनाथन क्यू यांनीं २००४ सालीं 'झीटेक्' काढली. ती युनिकोड जाणते, म्हणून देवनागरीस सोईची. लिनक्स या युनिक्ससारख्या प्रणालीवर आम्ही तीच वापरतों.

'फाँट सांपडत नाहीं' ही तक्रार एकच असली तरी तिचीं कारणें निरनिराळीं असतात. म्हणून पुढील तीन प्रश्न क्रमानें विचारावे, व एका वेळीं एकच फेरफार करावा.

पहिला प्रश्न: फाँट यंत्रावर आहे काय? 'एफसी-लिस्ट' ही आज्ञा रोमन लिपींत टंकली असतां प्रणालीस ठाऊक असलेल्या फाँटांची यादी मिळते. तिला ':लँग=एमआर' असें जोडल्यास मराठीस योग्य म्हणून ओळखलेले फाँट तेवढे दिसतात. येथें एक सावधगिरी बाळगावी. 'एफसी-मॅच' नांवाची दुसरी एक आज्ञा आहे. मागितलेला फाँट नसला तरी ती 'नाहीं' म्हणत नाहीं. जवळचा दुसरा पुढें करिते. तेव्हां उत्तर आलें एवढ्यावरून फाँट आहे असें समजूं नये. उत्तरांतील नांव नीट वाचावें.

दुसरा प्रश्न: फाँट आहे, पण तो झीटेक्‌ला दिसतो काय? नवा फाँट आपल्या गृहनिर्देशिकेंतील '.लोकल/शेअर/फाँट्स' या ठिकाणीं ठेवावा व 'एफसी-कॅश' ही आज्ञा देऊन यादी ताजी करावी. टेक्‌च्या स्वतःच्या कोठारांतले फाँट या यादींत येतीलच असें नाहीं. असा फाँट त्याच्या फाईलच्या नांवानें मागावा. नांव चुकल्यास झीटेक् दोष दाखवून थांबते, त्यामुळें ही चूक लपून राहत नाहीं.

तिसरा प्रश्न: फाँट दिसतो, पण हवें तें अक्षर त्यांत आहे काय? आमचा दोष येथेंच होता. 'ॲ' हें स्वतंत्र अक्षर युनिकोडांत २००८ सालीं, ५.१ या आवृत्तींत आलें. आमचा फाँट त्याहून जुना होता. काम मात्र थांबलें नाहीं. पानें सुबक छापून बाहेर पडलीं. केवळ 'लॉग' नांवाच्या नोंदवहींत या फाँटांत 'ॲ' नाहीं अशी एक ओळ होती, आणि ती आम्हीं वाचली नव्हती. 'ॲ'चा युनिकोड क्रमांक ०९७२ आहे. म्हणून 'एफसी-लिस्ट :चारसेट=९७२' अशी आज्ञा देतांच तें अक्षर असलेल्या फाँटांची यादी आली. तींतून 'नोटो सेरिफ देवनागरी' आम्हीं निवडला, आणि दुसऱ्या मुद्रितांत 'ॲनी' हें नांव पूर्ण उमटलें.

अक्षर असूनही ऱ्हस्व वेलांटी उजवीकडे जात असेल व जोडाक्षरें सुटीं पडत असतील, तर फाँट बदलण्याची घाई करूं नये. फाँट मागतांना 'स्क्रिप्ट=देवनागरी' असें लिहावयाचें राहिलें आहे काय, तें आधीं पाहावें.

ज्या चुकीनें यंत्र थांबतें ती चूक उपकारकच म्हटली पाहिजे, कारण ती आपण होऊन हांक मारिते. जी चूक मुकाट्यानें पुढें जाते, ती अखेर कोणाच्या तरी नांवावर येऊन पडते. म्हणून पान छापावयास देण्यापूर्वीं नोंदवही आरंभापासून वाचावी, आणि नांवांची यादी ज्यांचीं नांवें आहेत त्यांजकडून तपासून घ्यावी. यंदा हें दुसरें काम आमच्याकरितां एका विद्यार्थिनीनें केलें. पुढील वर्षीं तें आपण होऊन करण्याचा आमचा निश्चय आहे.